दुसऱ्या मजल्यावरचा तारा

शेलार मॅडमकडे गेलात तर त्या आधी 'या, बसा' म्हणत नाहीत. "त्या बटनाला हात लावू नका," म्हणतात. बटनावर लाल चिकटपट्टी आहे आणि घरात मिक्सर वर्ज्य. मिक्सर लावला की फ्यूज उडतो आणि तारा बंद पडतो, म्हणून मॅडम चटणी वाटायला आमच्याकडे येतात.

हो, तारा. अख्ख्या कोपरखैरण्यात ताऱ्याचं पोट फक्त आमच्या सोसायटीत आहे. मी सेक्रेटरी आहे, छाती फुगवून सांगणारच! मॅडम कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाल्या. आता घरात एकट्याच तीन कॉम्प्युटर जोडून मेलेल्या ताऱ्याच्या आत काय चालतं त्याचं गणित चालवतात. त्याला क्वांटम प्लाझ्मा म्हणतात म्हणे. तिथे इलेक्ट्रॉन खच्चून भरलेले, पण कितीही दाबा, दोघं एका जागी बसत नाहीत. माझ्या डोक्यात काही शिरेना. मॅडमचे वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते, म्हणून त्यांनी तिथलंच उदाहरण दिलं. "तुर्भ्याच्या खोलीत आम्ही नऊ जण झोपायचो. प्रत्येकाची जागा ठरलेली. दहावा आला की माळ्यावर. इलेक्ट्रॉनचंही तेच." असं शिकवलं असतं तर मीही पास झालो असतो.

मध्यंतरी त्यांचा पेपर परदेशी मासिकाकडे गेला. एक गणित पुन्हा करून महिन्याभरात पाठवा, असं उत्तर आलं. गणिताला लागणार बावीस दिवस. तेवढाच वेळ वाचेल म्हणून मॅडमनी चाललेलं गणित मधे मधे साठवून ठेवणं बंद केलं. म्हणजे मधेच बंद पडलं तर सगळं पहिल्यापासून. याच चुकीसाठी त्यांनी जन्मभर पोरांना झापलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी सोसायटीची मेन केबल बदलायची होती. 'एक तास लाइट जाईल' अशी नोटीस मीच लावलेली. चार तास झाले तरी वायरमन खड्ड्यातच. तारा इन्व्हर्टरवर चालू होता. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या सावंतकाकांच्या ऑक्सिजन मशीनची बॅटरी संपत आली. ॲम्ब्युलन्सचा पत्ता नाही. सोसायटीत इन्व्हर्टर फक्त मॅडमकडे. मी धावत वर गेलो आणि काकांचं सांगितलं. इन्व्हर्टर दोन्ही ओढणार नव्हता, हे मॅडमना माझ्याआधी कळलं. त्यांनी चिकटपट्टी काढली आणि बटन दाबून तारा बंद केला.

"तारा मेलेलाच आहे हो, सेक्रेटरी. काकांना लावा."

गॅलरीतून वायर खाली सोडली. काकांचं मशीन चालू झालं, माझा जीव भांड्यात पडला. वर आलो तर कॉम्प्युटरची घरघर थांबलेली, खोलीत चिडीचूप. मॅडम हळूच म्हणाल्या, "हा आवाज थांबला की घर फार मोठं वाटतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गणित पहिल्यापासून सुरू केलं. मासिकानं मुदत वाढवून दिली आणि पेपर छापून आला. बाकीचे लोक नावाखाली आपल्या संस्थेचा पत्ता देतात. मॅडमनी आमच्या सोसायटीचा दिलाय! मी तो पेपर नोटीस बोर्डावर लावलाय, पाणीकपातीच्याही वर.

संध्याकाळी मॅडम खाली येऊन बोर्डापाशी उभ्या राहतात. कुणी थांबलं तर समजावून सांगतात. कुणी नाहीच थांबलं तर तशाच उभ्या असतात. म्हणून हल्ली मी रोज थांबतो.