पालट आणि चार मानकरी

रविवारी सकाळी मृत्युंजय पोह्यांची बशी घेऊन कंप्युटरसमोर बसला, तशी गुरम्मा दारातूनच करवादली, "बसला बया हा! आरं, आठ वर्षं झाली, डोळे फोडून राहिलास. वापरतंय कोण ते?"

"आई, नांदेडचे एक छापखानेवाले वापरून राहिलेत."

"एकच?"

मृत्युंजयनं पोह्यांचा पहिला घास घेतला. दिवसा तो लातूरच्या एका कॉलेजात कंप्युटरची प्रयोगशाळा सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात 'पालट' सांभाळायचा. जुन्या फॉन्टात टाईप केलेलं मराठी नव्या फॉन्टात आणून देणारं हे छोटंसं सॉफ्टवेअर त्यानं स्वतः लिहून इंटरनेटवर फुकट ठेवलं होतं. त्याच्या कंप्युटरवरच्या लिनक्स या प्रणालीवर ते मुकाट चालायचं. पण लिनक्सचं मूळ घराणं जे युनिक्स, त्याचं खटलं मोठं. लिनक्स, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी अशी सगळी चुलत भावंडं, आणि प्रत्येक घरची रीत थोडी वेगळी. एकाकडं सुरळीत चाललेलं दुसऱ्याकडं हटून बसतं. त्या प्रत्येकाची मर्जी राखत पालट बदलत राहणं, हे मृत्युंजयचं आठ वर्षांचं व्रत होतं. त्याबद्दल घरात किंवा बाहेर कुणी एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. एकदा तरी कुणी म्हणावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा.

म्हणून गेल्या महिन्यात नांदेडहून नरसिंग छापखानेवाल्याचा फोन आला, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. "सर, तुमचं पालट लई कामाचं दिसून राहिलं," नरसिंग म्हणाला, "पण माझ्या मशीनवर ते नवं फ्रीबीएसडी हाय. फुकट मिळतंय म्हणून एकानं टाकून दिलं अन् गेला निघून. त्याच्यावर काही हे चालंना."

'सर' ऐकूनच मृत्युंजय विरघळला. आठवडाभर खपून त्यानं पालट त्या नव्या फ्रीबीएसडीवर चालतं केलं. मग आनंदाच्या भरात त्यानं आणखी एक सोय केली. काम संपलं की पडद्यावर आभाराची यादी यावी. पहिला कंप्युटर उदगीरच्या आप्पासाहेब काकांनी घेऊन दिला होता, म्हणून त्यांचं नाव. ते मुखेडला दाजींना, म्हणजे किशनरावांना कळलं. "घरच्या जावयाचं नाव न्हाई? बरं बरं, असू द्या," ते म्हणाले. जावयाचं 'असू द्या' काय असतं, ते सांगायला नको. दाजी यादीत आले. शिकताना दोन वर्षं जेवू घालणारी बसम्मा मावशी आली, आणि मावशी आल्यावर खुद्द गुरम्मा कशी मागं राहील? चारही नावं श्री., सौ., आडनाव, गाव अशी रीतसर लागली. आभार मानणाऱ्यानं स्वतःचं नाव कशाला घालायचं, म्हणून मृत्युंजयनं आपलं घातलं नाही. घरच्या लिनक्सवर यादी झकास दिसली. फ्रीबीएसडीवर तरी काय वेगळं होणार, असं म्हणून त्यानं ती न तपासताच नांदेडला पाठवून दिली.

पोह्यांचा दुसरा घास तोंडात असतानाच दाजींचा फोन आला.

"मृत्युंजयराव, उमरीला आपलं कोण हाय?"

"उमरीला? कुणीच न्हाई."

"मंग तिथल्या लग्नाच्या पत्रिकेत 'आपले नम्र' म्हणून माझं नाव कामून? काकांचं हाय, आईंचं हाय, मावशींचं हाय! मुखेडच्या बाजारात धा जणांनी विचारलं, नवी सोयरीक कधी केली म्हणून!"

पाठोपाठ पत्रिकेचा फोटो आला. उमरीच्या अण्णारावांची कन्या आरती हिचा विवाह, आणि तळाशी मृत्युंजयचे चार आप्त. त्यानं घाम पुसत पालट उघडून पाहिलं. एकच ओळ चुकली होती. लिनक्सवर जी यादी पडद्यावर जायची, ती फ्रीबीएसडीवर थेट फाईलच्या शेवटी जाऊन बसत होती. त्यानं नरसिंगला फोन लावला.

"अरे बाप रे! ती तुमची माणसं हायेत व्हय?" नरसिंग म्हणाला. "मला वाटलं पार्टीनंच दिलीत."

"अहो, प्रूफ कुणी वाचलं न्हाई?"

"वाचलं की, दोन्ही घरांनी वाचलं! नवरीकडच्यांना वाटलं, व्याह्यांची वडीलधारी मंडळी हायेत. नवरदेवाकडच्यांना वाटलं, नवरीकडची. दुसऱ्याच्या पाहुण्याचं नाव खोडायचं कुणी? पाचशे पत्रिका वाटून झाल्या, सर. अन् अण्णाराव लई तापट माणूस. बोंब झाली तर मी पालट काढून टाकीन बगा मशीनवरून."

म्हणजे एक होता, तोही जाणार! खरं सांगून माफी मागावी म्हणून मृत्युंजयनं धीर करून अण्णारावांना फोन लावला. "मी उदगीरच्या आप्पासाहेबांचा पुतण्या बोलतोय. ते पत्रिकेतल्या नावाचं..."

"आप्पासाहेबांचे पुतणे! वा वा!" पलीकडून गडगडाट झाला. "नाव बारीक छापलं म्हणून रागावले का? ती छापखान्याची चूक हो! मंडळींना घेऊनच या. फेटे काढून ठेवलेत!" आणि फोन कट.

हे काकांच्या कानावर घालणं भागच होतं. काका म्हणाले, "मानाचं बोलावणं हाय. न जाणं बरं दिसत न्हाई." गुरम्मानं तर ठेवणीतलं इरकल काढलंसुद्धा. लग्नाच्या दिवशी जीप भरून मंडळी उमरीला पोचली. नवरीकडच्यांनी नवरदेवाकडचे म्हणून काका-दाजींना फेटे बांधले, नवरदेवाकडच्यांनी नवरीकडचे म्हणून शाली पांघरवल्या. गुरम्मा आणि बसम्माला दोन्हीकडून साड्या मिळाल्या. काकांनी माईकवरून वधूवरांना आशीर्वाद दिले, तेही दहा मिनिटं.

मग अण्णारावांची नजर कोपऱ्यात उभ्या मृत्युंजयवर गेली. "अन् हे कोण?"

"ते व्हय?" काका फेटा सावरत म्हणाले. "आमच्यासंगं आलंय. कंप्युटरचं कायतरी करत राहतंय."

"बरं बरं. जेवून जा म्हणावं."

परतीच्या जीपमध्ये गुरम्मा मांडीवरच्या साड्या कुरवाळत म्हणाली, "मृत्या, मी उगंच बोलत होते रे. सोडू नको ते पालट. शाबास! लई मानाचं काम हाय." आठ वर्षं ज्या शब्दासाठी त्याचे कान आसुसले होते, तो शेवटी आला, आणि आला तो त्याच्या चुकीसाठी. त्याला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी तो चुकलेली ओळ दुरुस्त करायला बसला. बायको, शिल्पा, चहा ठेवता ठेवता पडद्यावरची यादी वाचायला लागली.

"अहो, सगळ्यांची नावं हायेत की. तुमचं कुठंय?"

मृत्युंजय काही बोलणार, एवढ्यात नरसिंगचा फोन आला. "सर, नवीन पालट पाठवा लवकर. हिमायतनगरच्या एका मोठ्या घरची पत्रिका परवा छापायचीय. हजार प्रती!"

"परवा?"

"हाव, परवा."

मृत्युंजयनं चहाचा घोट घेतला. मग यादीच्या अगदी वर, काकांच्याही आधी, त्यानं पाचवं नाव टाईप केलं, श्री.सकट, आणि नवीन पालट नांदेडला पाठवून दिलं. त्या चुकलेल्या ओळीची दुरुस्ती मात्र त्यानं पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवली.