भोवऱ्याचा ब्रेक

सावंतवाडीच्या लाकडी खेळणी कारागीर संघाने त्या वर्षी केंद्र सरकारपुढे आपली बाजू मांडण्यासाठी दुपारच्या चारशे बारा झोपा खर्च केल्या. हा आकडा संघाने दिल्लीला भरून पाठवलेल्या नमुन्यात आहे आणि त्याखाली चिटणीस कुंदा चितारी यांची सही आहे.

खर्चाला कारण होतं. दिल्लीतल्या एका मंत्रालयाने नवा नियम काढायचं ठरवलं होतं. हलणाऱ्या प्रत्येक खेळण्याला ब्रेक हवा, आणि त्यात भोवराही धरला होता. भोवऱ्याला ब्रेक बसवला तर तो भोवरा राहत नाही. कुंदाताईंनी तीन नमुने करून पाहिले होते. तिन्ही उभेच राहिले नाहीत.

हरकत नोंदवायला मुदत होती, पण अडचण वेगळीच होती. ज्या अधिकाऱ्याची झोप झालेली नाही, त्याच्यापुढे फाईल ठेवता येत नाही. आणि झोप पुरवायची जबाबदारी हरकत घेणाऱ्याची असते.

"प्लास्टिकवाल्यांच्या महासंघान अकरा हजार झोपा दिल्यान म्हणतत," संघाच्या बैठकीत अध्यक्ष भिवा मेस्त्री म्हणाले. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि अजून रोज लेथवर बसत. "आमचो निभाव कसो लागतलो?"

"त्यांच्या झोपा रातपाळीच्या कामगारांच्या आहेत, भिवाकाका," कुंदाताई म्हणाल्या. "दर दहा मिनिटांनी मोडतात. आपली झोप माशाची कढी आणि भात जेवून, दुकानाची फळी लावून घेतलेली. ती मध्ये तुटत नाही."

ते सगळ्यांना पटलं. बावन्न घरांनी आपापल्या दुपारी दिल्या. भिवाकाकांनी एकट्याने तीस दिल्या. त्या महिन्यात बाजारपेठ प्रथमच एक ते चार उघडी राहिली, आणि गिऱ्हाइकांना त्या वेळी काय मागावं हे कळत नव्हतं.

झोपा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरून कुंदाताई गाडीत बसल्या. रत्नागिरीपाशी एक झाकण किंचित सैल झालं आणि समोरचं अख्खं कुटुंब जेवता जेवता आडवं झालं. कुंदाताईंनी झाकण दाबलं, त्यांच्या पोराच्या हातातली पोळी काढून ताटात ठेवली, आणि दिल्लीपर्यंत डब्यांवर हात ठेवून बसून राहिल्या.

मंत्रालयात फाईल चार टेबलांवरून वर जायची होती. पहिल्या तीन टेबलांवरची माणसं सज्जन निघाली. झोपून उठली की फाईल नीट वाचत, पोच देत आणि वर पाठवत. पण ती अनेक वर्षांची जागी होती. सहाव्या दिवशी कुंदाताई सहसचिव नौटियाल यांच्या खोलीत पोचल्या, तेव्हा सगळे डबे रिकामे झाले होते आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

नौटियाल साहेब मसुरीकडचे, शांत बोलणारे. डोळे लाल होते.

"फाईल मला दिसते आहे," ते म्हणाले. "पण मी ती वाचू शकत नाही. मी चार वर्षं झोपलेलो नाही."

"माझी झोप घ्या, साहेब."

"एका दुपारच्या झोपेने माझे डोळे फक्त चुरचुरतील. मला बरीच लागेल, आणि ती एकदम लागेल."

"मग सगळ्या घ्या."

"सगळ्या म्हणजे?"

"यापुढच्या सगळ्या दुपारी. मी त्रेपन्नची आहे. पुरतील ना?"

साहेबांनी टाचणवहीवर हिशेब केला. "पुरतील. पण बाई, या परत मिळत नाहीत. आणि व्यक्तीने स्वतःची दिलेली झोप संघाच्या खर्चात दाखवता येत नाही. तुमच्या लोकांना हे कळणारही नाही."

"भोवरे फिरताहेत एवढं कळलं तरी बस झालं," कुंदाताई म्हणाल्या.

साहेबांनी पोच लिहून दिली, चष्मा काढला आणि खुर्चीतच झोपले. दोन तास दहा मिनिटं झोपले. शिपाई दोनदा चहा घेऊन आला, त्याला कुंदाताईंनी ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. एकदा फोन वाजला. त्यांनी उचलून सांगितलं, "साहेब झोपलेत." पलीकडचा आवाज म्हणाला, "अभिनंदन."

उठल्यावर साहेबांनी एकसष्ट पानं वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. नंतर त्यांनी भोवरा मागितला. कुंदाताईंनी पिशवीतून लाल-पिवळा भोवरा काढला, त्याला जाळीची दोरी गुंडाळली आणि टेबलाच्या काचेवर सोडला. दोघंही पाहत राहिले. भोवरा घुमला, डोलला, कलंडला आणि पेपरवेटला टेकून थांबला.

"थांबला की," साहेब म्हणाले.

"थांबतोच, साहेब. त्याला कुणी थांबवावं लागत नाही."

साहेबांनी फाईलवर लिहिलं: भोवरा आपणहून थांबतो. ब्रेकची आवश्यकता नाही. खाली सही केली. साडेपाचला दहा मिनिटं कमी होती.

कुंदाताई गावी परतल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. पण अशा गोष्टी सावंतवाडीत लपत नाहीत. पेठ पुन्हा एक ते चार बंद व्हायला लागली, तेव्हा एकाच दुकानाची फळी उघडी राहायची. आत कुंदाताई भोवऱ्यांना लाख चढवत बसलेल्या असायच्या. आठवडाभर सगळ्यांनी पाहिलं. मग भिवाकाकांनी बैठक बोलावली. ठराव एका ओळीचा होता: रोज दुपारी संघाचा एक सभासद चिटणीसांच्या सोबतीला जागा राहील. विरोध कुणी केला नाही. पाळ्यांची यादी लागली.

पहिल्या दिवशी सव्वाला भिवाकाका स्वतः स्टूल घेऊन आले.

"आज माझी पाळी, गे," ते म्हणाले. "तू काम कर. मी बोलत बसतंय."

त्यांनी आपल्या वडिलांच्या पहिल्या लेथची गोष्ट सुरू केली. ती अर्ध्यावर आली तेव्हा त्यांची मान छातीवर टेकली होती. कुंदाताईंनी लेथचं बटण बंद केलं, काकांच्या पाठीशी लाकडाच्या भुश्शाचं एक पोतं सरकवून दिलं, आणि उरलेले भोवरे हाताने रंगवायला घेतले.