एका पानाच्या अर्काचा कुटुंबातील प्रसार

कोणत्याही शोधाचे दोन भाग असतात: जो लागतो तो, आणि जो लोकांपर्यंत पोहोचतो तो. दोहोंचा परस्परांशी संबंध असलाच पाहिजे, असा नियम नाही.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भाचीचा पहिल्या भागात सहा वर्षं घाम निघाला. काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशींचा थर वाढवायचा, त्यावर ओरखडा काढायचा आणि पेशी सरकत सरकत तो किती तासांत भरून काढतात, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. एका पानाचा अर्क घातल्यावर त्या अकरा टक्के सावकाश सरकल्या. माणसात काय होईल ते ठाऊक नाही आणि एवढा अर्क मिळायला रोज बेचाळीस किलो पानं खावी लागतील, असंही भाचीने इमानेइतबारे लिहिलं. प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी ते वाक्य 'उत्साहाला मारक' म्हणून गाळलं. (बाकी मजकुराला त्यांनी हात लावला नाही, वर फक्त 'कॅन्सर हरला!' एवढंच घातलं.)

पेशी दिवसाला अर्धा मिलिमीटर सरकतात. बातमी दुपारच्या जेवणाआधी नातलगांच्या चौदा ग्रुपवर पोहोचली. तिचा वेग कमी करणारं पान अद्याप सापडलेलं नाही.

गुरुवारी भाचीच्या मावशीचं ऑपरेशन होतं. गाठ लहान होती, वेळेत सापडली होती. मावशीने जायचं नाही असं ठरवलं.

"घरात शोध लागलाय आणि मी पोट फाडून घेऊ? लोक काय म्हणतील!"

"अगं मावशी, ते काचेच्या बशीत झालंय."

"मग मीही काचेच्या बशीतूनच घेते. पेल्यात नाही ओतत."

आई गेल्यावर भाचीला मावशीनेच वाढवलं होतं. दोन दिवस तिने आलेख काढून समजावलं. मावशीने आलेख फ्रेम करायला पाठवले. शेवटी सहा वर्षांचा प्रामाणिकपणा गुंडाळून ठेवत भाची म्हणाली, "हा रस गाठ काढल्यावरच लागू पडतो. आधी घेतला तर वाया जातो."

"मग हे आधी नाही का सांगायचं? एवढी शिकलीस ती कशाला!"

गुरुवारी मावशी अर्धा तास आधीच हजर होती.

मावशी आता ठणठणीत आहे. कशाने बरी झाली, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. त्यात सर्जनचा उल्लेख नसतो. (रस तिने अजून घेतलेला नाही. पानं मिळाली नाहीत.) परवा खुद्द सर्जननी भाचीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पान कुठलं हो?"

वाचकांच्या माहितीसाठी: पानाचं नाव इथे जाणूनबुजून दिलेलं नाही. ते नजरेतून निसटलं असेल म्हणून आपण आत्ता वर जाऊन पुन्हा बघून आलात, त्याची नोंद घेतली आहे.