अण्णांच्या डोक्यातला देव

आमच्या कॉलनीत आरती सुरू झाली की अण्णा पहिल्या रांगेत असतात. हात जोडायला नव्हे, लोकांचे चेहरे तपासायला. कोणाचे डोळे मिटले, अंग डोलू लागलं, की माझ्या कानाशी येऊन म्हणणार, "बघ, लोड वाढला!"

माझे हे शेजारी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झाले, पण तिथली कंट्रोल रूम डोक्यात घेऊनच घरी आले. साक्षात्कार, समाधी, सगळं त्यांच्या मते मेंदूतलं वायरिंग. "झांजा, कापूर, गर्दी आणि उपाशी पोट. कोणाचाही मेंदू ट्रिप होईल. सप्लाय आतलाच आहे गं!" हे सगळं प्रसादाचा शिरा दुसऱ्यांदा घेताना.

गेल्या नवरात्रात आरती चालू असताना अण्णाच ताठ झाले. नजर एका जागी, ओठ पुटपुटतायत. झालं! "अंगात आलं, आई आली!" म्हणत बायकांनी त्यांचा मळवट भरला, हातात नारळ दिला. शिंदेकाकूंनी तर पाय धरून विचारलंच, "आई, आमच्या पिंट्याचं लग्न कधी जमायचं?"

दोन मिनिटांनी अण्णा भानावर आले. "उठा हो काकू, डोकं माझं बिघडलंय!"

सगळे हसले. मला मात्र घरी परतताना धडकी भरली, कारण ते हळूच म्हणाले, "ही चौथी वेळ."

दुसऱ्याच दिवशी रिक्षात घालून त्यांना द्वारका सर्कलजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. डोक्यात गाठ निघाली तर? स्कॅनचा रिपोर्ट येईपर्यंत मी तीन नवस बोलून बसले होते. डॉक्टर म्हणाले, "गाठ नाही. फिटचाच प्रकार आहे. गोळ्यांनी थांबेल." माझा जीव भांड्यात पडला.

अण्णांनी विचारलं, "सगळंच थांबेल?"

बाहेर आल्यावर म्हणाले, "ते होतं तेवढा वेळ सुमन शेजारी येऊन बसते गं. दिसत नाही, बोलत नाही. पण असते. मेंदूचा खेळ आहे, कळतं मला. कळून काय करू?"

अण्णांच्या बायकोला, सुमनकाकूंना, जाऊन तीन वर्षं झाली. मी "गोळ्या घ्याल ना?" एवढंच विचारलं.

"घेतो. नाहीतर तू रडत बसशील."

खरंच घेतल्या. महिनाभरात एकदाही त्रास झाला नाही. मी कॉलनीभर पेढे वाटले. काल संध्याकाळी त्यांचे पेढे द्यायला गेले आणि निघणार, तोच म्हणाले, "बस ना जरा. बोलायचं काही नाही. नुसती शेजारी बस."

गॅसवर कुकर होता. घरी फोन करून तो बंद करायला सांगितलं आणि बसले.