परबांची वहिवाट

परबांच्या भिंतीत खिळा ठोकायला गेलो, तिथून आमची ओळख सुरू झाली. चूक माझीच. ऑफिसातून दोन कॅलेंडरं मिळाली होती. घाटकोपरच्या त्या चाळीत आम्ही नवे होतो. शेजाऱ्याशी सलगी करावी म्हणून मी एक कॅलेंडर, एक खिळा आणि हातोडी घेऊन त्यांच्या खोलीत शिरलो. आत बघतो तर चारी भिंती कोऱ्या. गणपतीची तसबीर कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगलेली, आरसा खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला. मी खिळा टेकवला मात्र, परबांनी माझं मनगट धरलं.

"ह्यां कायद्यात बसता काय?"

मला वाटलं, गृहस्थ थट्टा करतायत. पण त्यांनी मला खाली बसवून समजावलं. भाडेकरूने मालकाला न विचारता खोलीत पक्कं बांधकाम केलं, तर मालक त्याला बाहेर काढू शकतो. एवढासा खिळा बांधकाम कसा होईल, असं मी विचारलं. ते कोर्ट ठरवील, म्हणाले. आणि जाताना हातोडी टॉवेलात गुंडाळून न्यायला लावली. गॅलरीत कोणी बघितलं म्हणजे?

परब मालवणकडचे. गिरणीत होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून भाडेकायदा राखणं हाच त्यांचा धंदा. कायदा त्यांनी वाचला नव्हता, ऐकला होता. एका वकिलाच्या कारकुनाला ते अधूनमधून चहा पाजत आणि एकेक कलम घेऊन घरी येत.

पोटभाडेकरू ठेवला की खोली जाते, हे त्यातलं एक कलम. त्यामुळे त्यांच्याकडे कोणी पाहुणा आला की परब त्याला आधी गॅलरीत उभा करत आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं सांगत, "माझ्या भैणीचो झील हा. उद्या जातलो. भाडां-बिडां काय नाय." भाचा बिचारा पिशवी हातात धरून मान खाली घालून उभा. आमच्या हिने एकदा त्यांना वाटीभर शिरा नेऊन दिला, तर तिलाही तोच प्रश्न, कायद्यात बसता काय. बसतो, म्हणाली ही, पण गार झाला तर मला माहीत नाही.

संशय घ्यायला जागाही होती, ते मला नंतर कळलं. मालकाला चाळ रिकामी हवी होती. भाडं वाढवता येत नाही, मग तो चाळीवर दमडी खर्च करत नसे. मागच्या जिन्याला लाकडी टेकू, गटार तुंबलेलं, आणि कोणी खोली सोडली की मालक तिला कुलूप लावून ठेवी. अशा दोन खोल्यांत कबुतरं आणि घुशी बिनभाड्याने नांदत होत्या. एकदा मालकाने आपण होऊन गवंडी पाठवले. आम्ही हरखलो. परब चाळीच्या उंबऱ्यावर आडवे झाले. ह्यात काहीतरी गोम आहे, दुरुस्ती म्हणून बाहेर काढतील, मग आत कोण घेणार? गवंडी परत गेले. आमच्या पलंगावर गळतं ते अजून गळतं. ही तिथे पातेलं ठेवते आणि कायद्याचे आभार मानते.

परबांचा सगळ्यात जास्त संशय माझ्यावर होता. मी इस्त्रीची पँट घालतो, भाडं वेळेवर देतो, ते न्यायला येणाऱ्या मालकाच्या मेहताजीला नमस्कार करतो. मी मालकाचा माणूस नाही तर कोण?

परबांची बायको गावी असे. एकदा मी सहज म्हटलं, काकींना इकडे का नाही आणत? तर परबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मेहताजीनेच मला विचारायला पाठवलंय. मग दार लोटून घेऊन बोलले. गावी कुळाची जमीन होती, घर होतं. घराला कुलूप दिसलं आणि जमीन पडीक दिसली, की भाऊबंद बांध सरकवणार. म्हणून तिने तिथे बसायचं. इथे सहा महिने खोली बंद राहिली की मालकाचं फावणार. म्हणून यांनी इथे बसायचं. गणपतीला पाच दिवस आणि शिमग्याला तीन दिवस, एवढाच दोघांचा संसार. बाकी वर्षभर दोघं आपापली वहिवाट सांभाळून.

एका वर्षी शिमग्यानंतर गावाहून निरोप आला, काकी पडवीत पडल्या, कंबर मोडली. परब सकाळीच आमच्या दारात पिशवी घेऊन उभे. त्यांनी खोलीची चावी माझ्या हातात ठेवली. मी अगदी भारावलो. म्हटलं, परब, एवढा विश्वास टाकलात.

"इस्वास खंयचो," परब म्हणाले. "तुम्ही मालकाचो माणूस. चावी तुमच्याकडे आसा म्हटल्यार मालकाक संशय येवचो नाय."

मग सूचना. रोज दोरीवर लुंगी वाळत घालायची. संध्याकाळी दिवा लावायचा. बातम्यांना रेडिओ लावायचा. आणि अधूनमधून खोकायचं.

मी सगळं केलं. वाळलेली लुंगी पुन्हा ओली करून वाळत घालणारा घाटकोपरमधला मी एकटाच असेन. आणि एका रविवारी मी परबांच्या खोलीत केर काढत असताना मेहताजी आला. मी घाबरून आतून कडी लावली आणि खोकलो.

"परबभाई, बाहेर तो या," मेहताजी म्हणाला.

मी आणखी खोकलो. तेवढ्यात आमची ही गॅलरीत आली. त्यांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय, असं तिने ठोकून दिलं. मग लिमयेसाहेब कुठे आहेत, मेहताजीने विचारलं. लिमये म्हणजे मी. ते दूध आणायला गेलेत, ही म्हणाली. मेहताजी म्हणाला, काय हरकत नाही, थांबतो. आणि आमच्याच दारात स्टूल टाकून बसला. हिने त्याला चहा दिला, मग पोहे दिले. पलीकडे मी मोरीच्या कट्ट्यावर बसून दुसऱ्याच्या नावाने खोकत होतो. माझ्या वाटणीचे पोहे गेले ते गेलेच.

असे महिने गेले. सहावा लागला तशी चाळीत कुजबुज सुरू झाली. मलाही रोज धास्ती. आणि एका दुपारी परब आले. वाळले होते, दाढी वाढलेली. मी म्हटलं, वेळेवर आलात, वहिवाट राखलीय तुमची. त्यांनी चावी मागून घेतली आणि सरळ मालकाच्या दुकानाचा रस्ता धरला. तासाभराने रिकाम्या हाताने परत आले आणि तसबीर दोरीवरून उतरवू लागले.

खोली मालकाला देऊन आले होते.

चाळ गॅलरीत गोळा झाली. किती घेतले असतील, ह्यावर जिन्यापर्यंत तर्क पोचले. मलाही राहवलं नाही. एवढी वर्षं राखलीत आणि आता का, असं मी विचारलंच.

परब ट्रंकेत लुंग्या भरत होते. मान वर न करता म्हणाले, "तिका उठाक जमणा नाय. कुशीर वळाक कोणतरी व्हया. इतकी वर्सां ती थंय एकटी निजली, माका कधी इचारूक सुचला नाय, गो, भ्या वाटता काय तुका म्हणून."

मग ट्रंक बंद करताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच संशय नव्हता. ह्यातलं मालकाला काय सांगू नकात मात्र, म्हणाले, आणि गेले.

त्या दिवशी संध्याकाळी शेजारी कुलूप लागलं. मालकाचं, पितळी. मी हिच्यासमोर भाजी चिरायला बसलो होतो. म्हटलं, काय माणूस बघ, आयुष्यभर जिवापाड धरलेली खोली, एका दुपारीत देऊन टाकली.

ही पातेल्यातलं गळतीचं पाणी मोरीत ओतून आली.

"मी तशी पडले असते, तर तुम्ही दिली असती का हो?" तिने विचारलं. आणि मी तोंड उघडतोय असं बघून म्हणाली, "आत्ताच नका सांगू. आधी भाजी संपवा."