गजराबाई ताईसाहेबांच्या पहिल्या पावलाची हकीकत

श्री. दर्याकिनारीं बसून जी गेल्या माणसांची वाट पाहते आणि आल्या माणसांस ओळखते, त्या कुळस्वामिनीस दंडवत घालून लेखणी धरिली. ताईसाहेबांनीं आज्ञा केली कीं, आम्ही पहिलें पाऊल कोणे दिवशीं टाकिलें, घरांत दोन तिथी सांगतात, तरी खरी तिथी कोणती तें लिहून द्यावें. त्यावरून जें डोळां देखिलें आणि जें जाणत्यांचे मुखें ऐकिलें, तें लिहितों.

शके सोळाशें साठ, कालयुक्तनाम संवत्सरीं, भाद्रपदमासीं, सुभानराव किल्लेदार यांचे घरीं कन्या जाहली. नांव गजराबाई ठेविलें. बारशाच्या घुगऱ्या वाटून हात कोरडे होतात न होतात तों हुजूरचें पत्र आलें कीं, दर्यांतील किल्ला तुमचे स्वाधीन केला आहे, विजयादशमीस गडावर दाखल व्हावें, गनिमाचीं गलबतें फिरतात सबब पुढील विजयादशमीपावेतों गड सोडूं नये, आणि गडावर गोडें पाणी बेताचें सबब बायकामुलें नेऊं नयेत. आतां हा किल्ला म्हणजे काय, तर किनाऱ्यापासून अर्धा कोस. रावांचें घर किनाऱ्यावरील टेकडीस, अंगणाचें तोंड दर्याकडे. म्हणजे घर दिसावें आणि घरीं जातां येऊं नये, ऐशी ती नेमणूक. राव कैक लढाया लढले होते, परंतु नावेंत पाय ठेवितांना ताईसाहेबांनीं त्यांचें बोट मुठींत धरिलें तें सुटेना, तेव्हां राव म्हणाले कीं ऐसा वेढा आम्हांस कधीं पडला नव्हता. मग ताईसाहेबांच्या मातोश्री मैनाबाईसाहेब यांनीं एकेक बोट उकलून मूठ सोडविली आणि नाव लोटली.

गडावर सरकारची एक दुर्बीण होती. ती गनिमाकडे लावावी ऐसा दंडक. राव ती प्रातःकाळीं गनिमाकडे लावीत आणि उरला दिवस टेकडीकडे लावीत. मैनाबाईंशीं बोली जाहली होती कीं, ताईसाहेबांनीं नवा पराक्रम केला कीं अंगणांतील काठीवर पिवळा बावटा चढवावा, मग रामा तांडेल, जो रोज नावेनें गडावर पाण्याचीं पिंपें आणी, त्यानें समक्ष येऊन हकीकत सांगावी. त्याप्रमाणें कार्तिकांत बावटा चढला, ताईसाहेब ओळखून हंसल्या. राव म्हणाले, कोणास ओळखून? तांडेल म्हणाला, मला. राव पुन्हा दुर्बिणीकडे वळले. पौषांत बावटा चढला, ताईसाहेबांनीं मोहीम करून उजवे अंगावरून पालथ्या पडण्याचें ठाणें फत्ते केलें, परंतु खालचा हात अडकून पडला आणि मोठा आक्रोश जाहला. राव तटावर घोंगडी अंथरून स्वतः पालथे पडून पाहते जाहले कीं हात कैसा अडकतो. पहारेकरी माना फिरवून हंसले. फाल्गुनांत ताईसाहेब बसत्या जाहल्या, रावांनीं गडावर गूळ वाटिला.

पुढें चैत्रांत घात जाहला. ताईसाहेबांस खालचा दांत आला. दूध पाजतां वाटीवर तो चमचा वाजावा तैसा वाजला आणि मैनाबाईंस आनंद मावेना. पिवळा बावटा धुऊन वाळत घातला होता, तो ओला. बाईंनीं मागचा पुढचा विचार न करितां आपला लाल शेला काठीवर चढविला. आणि लाल बावटा म्हणजे गनीम आला, ही गोष्ट त्या मुलखांत शेंबड्या पोरासही ठाऊक. गडावर नगारा जाहला, दरवाजे लागले, तोफा भरिल्या. रामा तांडेल दांताची बातमी घेऊन नाव वल्हवीत येतो, तों त्याचेवरच एक गोळा सुटला आणि दोन हातांवर पाण्यांत पडला. तो नावेंत उभा राहून दोन्हीं हातांनीं आपले दांत दाखवूं लागला. ही हकीकत हुजूरपावेतों गेली. तेथून उत्तर आलें कीं, दांत आल्याची बातमी पावली, संतोष जाहला, पुढें टेकडीवरून कोणताही बावटा चढवूं नये. त्या दिवसापासून काठी उघडी राहिली. रावांची नजर रोज त्या उघड्या काठीवर जाई आणि परत येई.

वैशाखांत ताईसाहेब रांगूं लागल्या तें, वाऱ्यानें नाव अडली होती सबब, चार दिवसांनीं कळलें. मग ज्येष्ठांत दर्या खवळला, नावा ओढून ठेविल्या, आणि दुर्बिणींत धुक्यावांचून कांहीं दिसेना. अडीच मास बातमी नाहीं. राव जेवतां जेवतां थांबत आणि म्हणत कीं, आतां ती उभी राहत असेल. मग आपणच म्हणत कीं, इतक्यांत नाहीं. नारळी पौर्णिमेस नारळ वाहून पहिली नाव आली, तेव्हां रावांनीं पाण्यांत गुडघाभर उतरून तांडेलास पुसिलें, चालते काय?

तांडेल म्हणाला, “नाय सरकार. धरून उभी ऱ्हाते, पण पाऊल नाय टाकलंन अजून.”

हें ऐकून रावांचे तोंडावर जो उजेड आला तो आम्ही वर्षभरांत पाहिला नव्हता. कांहीं तरी आपले वांट्यास उरलें आहे, ऐसें त्यांस वाटलें. तत्काळ आम्हांस, गडाच्या कारकुनास, बैसवून आज्ञापत्र लिहविलें तें ऐसें: “चिरंजीव गजराबाई यांसी सुभानराव यांचे आशीर्वाद. विशेष. तुम्ही हंसलां, पालथ्या पडलां, बसलां, दांत काढिला, रांगलां, तें सर्व आम्हांवेगळें केलें. त्याचा राग नाहीं. आतां पाऊल राहिलें आहे. तें विजयादशमीपावेतों टाकूं नये. आम्ही येतों. मग टाकावें. जाणिजे.” खालीं शिक्का केला. तांडेलानें तें टेकडीस पोंचविलें, आणि ताईसाहेबांनीं शिक्क्याकडील कोपरा चघळून पत्राचा मान केला. मैनाबाई तें वाचून प्रथम हंसल्या आणि मग त्यांनीं पदर डोळ्यांस लाविला.

भाद्रपद आला. ज्येष्ठा गौरींचा दिवस, पाऊस उघडलेला, हवा स्वच्छ. राव दुर्बीण घेऊन तटावर उभे राहिले. मैनाबाई अंगणांत ओणव्या होऊन दर्याच्या बाजूनें उंबऱ्याकडे रांगोळीचीं गौरीचीं पावलें काढीत होत्या. ताईसाहेब मागें तुळशीचा कट्टा धरून उभ्या. आणि मग ताईसाहेबांनीं कट्टा सोडिला. कोणी हांक मारिली नाहीं, कोणी हात पुढें केला नाहीं. आईची पाठ. ताईसाहेब गौरीच्या पावलावर आपलें पाऊल ठेवून एक, दोन, तीन, चार ऐशा चालल्या. आम्ही रावांचे जवळ होतों, तेव्हां जें देखिलें तें लिहितों. एका हातीं दुर्बीण आणि दुसरा हात त्यांनीं तटाबाहेर पाण्यावर लांब केला होता, बोटें उघडीं. चौथ्या पावलास ताईसाहेब पडल्या, आणि रावांचा हात वाऱ्यावर मिटला. रडणें तेथें जाहलें, तें येथें ऐकूं आलें नाहीं. मैनाबाई वळल्या, लेकरास उचलिलें, रांगोळीकडे पाहिलें. गौरीच्या पावलांवर चार इवलीं पावलें फिसकटलेलीं. मग बाईंनीं गडाकडे पाहिलें, खालीं बसल्या, आणि हातानें तीं पावलें पुसून नवीं गौरीचीं पावलें काढिलीं. रावांस सर्व उमगलें. त्यांनीं दुर्बीण मिटिली आणि त्या दिवशीं पुन्हा उघडिली नाहीं. इतके दिवस वाटे कीं डोळ्यांनीं दिसलें म्हणजे पुरे. तें दिसलें, आणि जीव अधिकच तळमळूं लागला.

दुसरे दिवशीं तांडेल आला. रावांनीं नित्याप्रमाणें पुसिलें, चालते काय? तांडेल पिंपाकडे पाहत म्हणाला कीं, नाय सरकार, बाईसायबांची शपथ, पाऊल म्हणून नाय. राव म्हणाले, बरें. मग महिनाभर रोज तोच सवाल आणि तोच जबाब होत गेला, आणि रोज राव बरें म्हणत गेले.

शके सोळाशें एकसष्ट, सिद्धार्थीनाम संवत्सरीं, विजयादशमीस बदली किल्लेदार आले आणि राव नावेंतून उतरून टेकडी चढले. अंगणांत सारें घर जमलें होतें. मैनाबाईंनीं ताईसाहेबांस तुळशीच्या कट्ट्याशीं उभें केलें आणि म्हणाल्या कीं, आज्ञेप्रमाणें अजून पाऊल टाकिलें नाहीं. राव चार हातांवर बसले आणि हात पसरिले. ताईसाहेबांनीं तो दाढीवाला पुरुष न्याहाळिला आणि ओठ काढिला. ओळख कोठची? एक पाऊल पुढें येईना. तेव्हां रामा तांडेल, ज्यास पाहून ताईसाहेब प्रथम हंसल्या होत्या, तो उठला आणि रावांच्या नेमका पाठीमागें जाऊन बसला, आणि त्यानें टाळी वाजविली. ताईसाहेब तांडेलाकडे म्हणून निघाल्या. सराईत पावलें, महिनाभर चाललेलीं. वाटेंत रावांचे हात आले. चौथ्या पावलास ताईसाहेब अडखळल्या, आणि या वेळीं हात रिकामा मिटला नाहीं. ताईसाहेबांनीं टाहो फोडिला, दाढी ओढिली, नखें मारिलीं. राव सोडीनात.

मैनाबाई म्हणाल्या, “पहिलं पाऊल आपल्यासाठीं राखून ठेवलं होतं.”

राव म्हणाले, “पहिलं गौरीच्या दिवशीं टाकिलं. तुमची पाठ होती, मीं पाहिलं. पण पडली तेव्हां धरायला कोणी नव्हतं.” मग लेकराचें मस्तक छातीशीं दाबून म्हणाले, “आज धरली.”

बाई खालीं बसल्या आणि पदरांत तोंड घालून रडल्या. तांडेल दर्याकडे पाहत राहिला. ताईसाहेब रडून दमल्या आणि रावांच्याच खांद्यावर निजल्या. निजतांना त्यांनीं रावांचें बोट मुठींत धरिलें होतें, तें दिवस मावळेतों कोणी सोडविलें नाहीं.

एवंच, घरांत दोन तिथी सांगतात त्या दोन्ही खऱ्या आहेत. बाईसाहेब सांगत ती विजयादशमी, आणि राव अखेरपावेतों सांगत ती गौरीची. आज्ञापत्र संदुकेंत आहे, त्याचा एक कोपरा चघळलेला आहे, इच्छा असल्यास पाहावें. ठाऊक होतें तितकें लिहिलें, लेखणी धुऊन ठेविली.