सिलिंडरभोवती तीन फेरे

"जनावर म्हटलं की माझ्याकडं सोडायचं!" हे गणूभाऊंचं वाक्य ज्याने ऐकलेलं नाही, असा माणूस शहापुरात, निदान त्यांच्या आळीत तरी, शोधून सापडायचा नाही.

आणि ते खोटंही नव्हतं बरं का! नवा बैल जुन्याच्या शेजारी जुवाला उभा राहीना, की लोक गणूभाऊंना बोलवायला येत. विकत आणलेली म्हैस दावणीला रमेना, बोलवा गणूभाऊंना! ते येत, जनावराच्या पाठीवरून हात फिरवत, कानात काहीतरी पुटपुटत, आणि दोन दिवसांत जनावर त्याच घरात जन्मल्यासारखं वागू लागे. पण पुढे आळीत पॉवर टिलर आला. टिलर कुणाला शिंग मारत नाही, कुणावर रुसत नाही, आणि कानात पुटपुटावं तर त्याला कानच नाहीत. गेली सहा वर्षं गणूभाऊंना कुणी बोलावलं नव्हतं. अंगात कसब आहे आणि हाताला काम नाही, अशा माणसापासून घरच्यांनी जरा सावधच राहावं!

घरात पक्षी होते दोन. पहिला राजा. बायकोच्या, सुंदराबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आईला सोबत म्हणून मुलाने, ओमकारने, तो कल्याणहून आणला होता. दुकानदार त्याला लव्हबर्ड म्हणाला, ओमकार बजी म्हणायचा, आळी सरळ पोपट म्हणायची. हिरवं अंग, पिवळं डोकं, मुठीत मावेल एवढा जीव. पण सुंदराबाई त्याच्याशी जेवढं बोलत तेवढं गणूभाऊंशी तीस वर्षांत बोलल्या नव्हत्या.

दुसरी चिमी. ती आली सुनेबरोबर. दामिनी वैशाखरे गावची. लग्नानंतर माहेरी जाऊन, मांडवपरतणी करून परत निघाली तेव्हा तिने बाकी सामान डिकीत टाकलं आणि चिमीचा पिंजरा मांडीवर घेतला, तो शहापूर येईपर्यंत खाली ठेवला नाही. चिमीही हिरवी, तिचंही डोकं पिवळं. दोघं शेजारी बसली असती तर कोण कुठलं ते गणूभाऊंना कळलं नसतं. पण शेजारी बसवतो कोण! राजाचा पिंजरा ओटीवर, चिमीचा आतल्या खोलीत.

आणि गणूभाऊंच्या जिवाला घोर लागला होता तो पक्ष्यांचा नव्हेच, सुनेचा! लग्नाला महिना होत आला, तरी पोरगी घरात पाहुण्यासारखीच वावरत होती. पाणी प्यायचं तरी "आई, घेऊ का?" असं विचारायची. सासऱ्याशी तर थेट बोलणंच नाही, सगळा निरोप सुंदराबाईंमार्फत. संध्याकाळी मात्र चिमीच्या पिंजऱ्यापाशी बसली की तिच्या गप्पा नि हसणं बंद दाराआडून ऐकू यायचं. गणूभाऊ ते ऐकायचे आणि त्यांना फार वाईट वाटायचं. आपल्या घरात आपली सून फक्त एका पाखराशी हसते! चिमी राजाशी रमली तर मागोमाग ही पोरगीही घरात रमेल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

ओमकारने मोबाइलवर वाचून सांगून ठेवलं होतं, की अजून आठवडाभर पिंजरे लांबच ठेवा, मग शेजारी आणा, घाई करू नका.

"मोबाइलनं कधी बैल जुंपलाय काय?" गणूभाऊ म्हणाले. तो बाजाराचा दिवस होता. ओमकार कधीच कामावर गेला होता, सुंदराबाई पिशवी घेऊन निघाल्या होत्या आणि दामिनी मेडिकलमध्ये कामाला जायला चपला घालत होती. "तुमी दोघी जेवायला घरी या. तवर हे दोघं एका दांडीवर बसलेले दाखवतो. नाय दाखवले तर नावाचा गणू नाय!"

दामिनी सासूच्या कानाशी लागली. "आई, बाबांना सांगा ना, नको म्हणून."

"अवो, ती नको म्हणते."

"तिला सांग, निर्धास्त जा म्हणावं!"

दोघी गेल्या आणि गणूभाऊंनी बाह्या सरसावल्या.

त्यांच्या आईची एक रीत होती. नवी कोंबडी घरात आणली की तिला चुलीभोवती तीन वेळा फिरवायची आणि पायाला चुलीतली राख लावायची. मग कोंबडी ते घर सोडून जात नाही. कोंबडी काय आणि चिमी काय, पाखरूच ते! अडचण एवढीच, की घरात चूल नव्हती. गॅसची शेगडी होती, पण ती ओट्यावर भिंतीला टेकलेली. तिच्याभोवती फेरे मारायला माणूस भिंतीतून जाणारा हवा. गणूभाऊंनी क्षणभर विचार केला. शेगडीला जाळ कुठून येतो? सिलिंडरमधून! कोपऱ्यातला दुसरा, भरलेला सिलिंडर त्यांनी गडगडवत स्वयंपाकघराच्या मधोमध आणला आणि चिमीचा पिंजरा छातीशी धरून त्याच्याभोवती तीन फेरे मारले. राखेची सोय देवापुढच्या उदबत्तीने केली. ती पायाला लावायला बोट आत घातलं तर चिमीने ते कडकडून चावलं. गणूभाऊंनी रागावून राख दांडीला फासली आणि लागली असं समजून घेतलं.

मग खिडक्या-दारं घट्ट लावली. तेवढी अक्कल त्यांना होती. सिलिंडरवर पाट, पाटावर दोन्ही पिंजरे, दारं एकमेकांसमोर उघडलेली. गणूभाऊ समोर मांडी घालून बसले.

दोन मिनिटं काही नाही. मग चिमी टुणकन राजाच्या पिंजऱ्यात! राजा एक पाऊल सरकला, चिमी एक पाऊल सरकली. पाचव्या मिनिटाला दोघं एका दांडीवर, खांद्याला खांदा लावून!

"आहे काय नि नाय काय!" गणूभाऊंनी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली.

आता दोघांतला राजा कुठला आणि चिमी कुठली हे त्यांना सांगता आलं नसतं, पण त्याची गरज काय होती! एवढ्यात एकाने मान वरखाली हलवायला सुरुवात केली. घशातून काहीतरी वर आणलं, आणि चोच थेट दुसऱ्याच्या चोचीत खुपसली! ओढाताण, हिसकाहिसकी, पुन्हा ओकणं, पुन्हा चोच! गणूभाऊंनी ओळखलं. झुंज लागली! त्यातून एक ओकतोय, म्हणजे उदबत्तीची राखच बाधली!

"सोड! सोड म्हणतो ना! सोड रे!" गणूभाऊ उठून टाळ्या वाजवायला लागले. बैल शिंगाला शिंग लावतात तेव्हा असाच आरडाओरडा करायचा असतो. बैल दबकतात. हे दोघं दबकले नाहीत. गणूभाऊंनी आवाज चढवला. "मरंल ना तो! सोड!"

हे "मरंल" शेजारच्या बुधूने ऐकलं. आता बुधूचं असं होतं, की मागच्या महिन्यात त्याने गॅस लीक झाल्यावर काय करायचं याचं शिबिर केलं होतं. तेव्हापासून तो आळीत कुणाचातरी गॅस लीक व्हायची वाटच बघत होता. त्याने खिडकीच्या काचेतून आत पाहिलं. खिडक्या बंद, सिलिंडर घराच्या मध्यात, आणि गणूदादा घामाघूम होऊन त्याच्यापुढे हात जोडल्यासारखे नाचतायत!

"गॅस!" बुधू ओरडला. "गणूदादा, दिवा लावू नको! बटन दाबू नको! आलो मी!"

तो आला तो दार ढकलूनच. धाड धाड करत चारही खिडक्या उघडल्या. मोरीत भिजत घातलेली गोधडी उचलली आणि पिंजरे, पाट, सिलिंडर, सगळ्यावर फेकून वरून मिठी मारून बसला.

"अरे बुध्या, पोपट! पोपट!"

"पोपट मरू दे दादा, तू बाहेर पळ!"

गोधडी बाजूला करायला गणूभाऊंना बरीच झटापट करावी लागली. सिलिंडरचं सील जसंच्या तसं होतं. पिंजरे आडवे पडले होते, दारं सताड उघडी. आत एक पक्षी, भिजून बोटाएवढा झालेला. एकच!

गणूभाऊंनी खिडक्यांकडे पाहिलं. चार उघड्या खिडक्यांतून छान वारा येत होता.

मग शोध सुरू झाला. शेवग्यावर पाहिलं, फणसावर पाहिलं, शेजारच्या पत्र्यावर शिडी लावून पाहिलं. हिरवं पाखरू हिरव्या झाडात कसं दिसणार! बुधू अपराध्यासारखा मागे मागे फिरत होता आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होता, "पन दादा, मला सांग, सिलिंडर मधी कशाला घेतलास?" याला गणूभाऊंकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. पोरीने माहेराहून आणलेली एकुलती एक सोबत. ती गेली असेल तर आता पोरगी या घरात काय म्हणून हसेल?

सुंदराबाई आधी आल्या. ऐकलं सगळं. त्यांनी पिंजऱ्यातल्या पक्ष्याला पदराने टिपलं आणि तोंडाजवळ नेऊन नीट पाहिलं.

"कोन हाय?" गणूभाऊंनी हळूच विचारलं.

"नाकावर निळं दिसत नाय तुमाला? राजा हाय. चिमीचं नाक चॉकलेटी." सुंदराबाईंनी त्याला पिंजऱ्यात ठेवून दार लावलं. मग म्हणाल्या, "ऐका. तिला सांगायचं, राजा गेला. ही चिमी हाय."

"अगो, पन मग तुझा..."

"माझं बघंन मी. ती पोर माहेर सोडून आलीय, मी नाय आली काय? मला म्हाईत हाय. तुमी तोंड उघडायचं नाय."

गुडघा दुखत असताना रात्रंदिवस ज्याच्याशी बोलली तो राजा ही बाई देऊन टाकत होती, आणि त्याचं कारण आपण! त्यांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

दामिनी आली तेव्हा दीड वाजला होता. सुंदराबाईंनी एका दमात सांगून टाकलं. "माझा राजा उडून गेला गो. तुझी चिमी हाय हो, घाबरू नको."

दामिनीने पिंजऱ्यात पाहिलं. तिचे डोळे भरले. "आई, ही चिमी नाही. हा राजा आहे."

"नाय, चिमीच हाय."

"नाक निळं आहे ना!"

"भिजलंय म्हणून निळं दिसतंय!"

"आई, राजा तुमचा आहे. मी नाही घेणार."

"नाय कशी घेत! मी सांगते ना, तुझीच हाय ती!"

"नाही म्हणजे नाही!"

गणूभाऊ आणि बुधू भिंतीला चिकटून उभे. सासू-सुनेचं भांडण त्यांनी आळीत पुष्कळ ऐकलं होतं, पण "घे" आणि "नको" वरून लागलेलं हे पहिलंच! आवाज चढले. दोघींचेही डोळे वाहत होते आणि दोघीही मागे हटत नव्हत्या. शेवटी दामिनीला हुंदका आला तशी सुंदराबाईंनी तिला जवळ ओढली. पिंजऱ्यातला राजाही हे सगळं ऐकून वैतागला असावा. त्याने मान वर केली आणि घसा फोडून हाक मारली.

माळ्यावरून उत्तर आलं! बारीक, चिडकं, पण उत्तर!

सगळ्यांच्या माना वर. राजाने पुन्हा हाक मारली. पुन्हा उत्तर! माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या चटईच्या सुरळीतून एक पिवळं डोकं बाहेर आलं. चिमी बाहेर गेलीच नव्हती. सगळे झाडं धुंडाळत होते तेव्हा ती चटईत बसून गंमत बघत होती!

"सापडली! धरतो!" गणूभाऊ शिडीकडे धावले.

"बाबा, हात लावू नका!"

एवढा मोठा आवाज कुणाचा म्हणून गणूभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. दामिनीचा! ओढणी कमरेला खोचून ती शिडीवर चढलीसुद्धा. "बाबा, शिडी धरा! हलू नका! आणि बोलू तर मुळीच नका! बुधूकाका, खिडक्या लावा सगळ्या! आई, राजाला द्या इकडे."

सगळ्यांनी निमूट ऐकलं. तिने राजाचा पिंजरा चटईजवळ धरला आणि दार उघडलं. चिमीने दोन पावलं टाकली, आत शिरली आणि राजाशेजारी जाऊन बसली. एवढंच! सुंदराबाईंनी देवाला हात जोडले. गणूभाऊंनी धरून ठेवलेला श्वास सोडला, तो शिडीवर दामिनीलाही ऐकू गेला.

खाली उतरेपर्यंत राजाने मान हलवून पुन्हा चोच चिमीच्या चोचीत घातली.

"बघ, बघ! लागली परत झुंज!" गणूभाऊ किंचाळले.

दामिनी आधी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग जी हसायला लागली ती थांबेचना! "अहो बाबा, तो भरवतोय तिला!"

"ओकून?"

"ओकूनच भरवतात ते! फार जमलं की भरवतात!"

म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत सगळं जमलं होतं. गणूभाऊ नुसते बसून राहिले असते तरी चाललं असतं. नव्हे, ते घरात नसते तरी चाललं असतं! सुंदराबाई सुनेच्या खांद्याला धरून हसत होत्या. बुधूसुद्धा हसायला लागला, तसं गणूभाऊंनी त्याला घरी पाठवून दिलं.

जेवण घाईघाईत झालं. दामिनीने भात वाढून घेतला, कुणाला न विचारता. निघताना दारातून थेट सासऱ्यांकडे वळली. "बाबा, मी येईपर्यंत पिंजऱ्यापाशी जायचं नाही. राख-बिख काही लावायची नाही. आणि ती गोधडी वाळत घाला!"

ती गेली. गणूभाऊ छाती फुगवून बायकोकडे वळले. "बघितलंस? सून बोलाय लागली!"

"बोलाय नाय, ओरडाय लागली," सुंदराबाई म्हणाल्या. "आणि बरोबर ओरडते. बसलाव काय? गोधडी कोन उचलंल?"

गणूभाऊ उठले. आजवर या घरात त्यांना ओरडणारी एकच होती, आता दोन झाल्या होत्या. आणि ओली गोधडी खांद्यावर टाकून अंगणात जाताना ते स्वतःशीच इतके खूश होते, की चिमटे आणायला विसरले आणि त्यावरून आणखी एकदा बोलणी खाल्ली.